माह्या भाषेत आत्याचं नाव बसलं होतं

थांबा, हे मले आत्ताच सांगायचं आहे. आत्ता म्हणजे आत्ता. बाबा आणि मोठे बाबा पत्रिकांची पिशवी मोटरसायकलच्या हँडलले अडकवून पाच मिनिटांआधी निघाले. अर्ध्या घंट्यानं लिहू म्हणलं तर मी सगळं गिळून टाकीन आणि मंग कधीच सांगनार नाही, मले माह्यित आहे मी कशी आहे. म्हणून बसली टाइप करत. चुका झाल्या तर समजून घ्या, दुरुस्त करायले मी थांबनार नाही.

गोष्ट दादाच्या लग्नपत्रिकेची आहे. आणि एका प्रोग्रामिंगच्या भाषेची, जी मी स्वतः बनवली. हो, स्वतः! हसू नका.

मी बोरी अरबची. यवतमाळले इंजिनीअरिंग केलं आणि आता घरूनच एका कंपनीचं काम करते, वेबसाइटचे पानं बनवायचं. घरात आम्ही पाच जण: आई, बाबा, दादा, मी आणि आत्या. मोठे बाबा, म्हणजे बाबाचे मोठे भाऊ, बाजूच्या घरात राह्यतेत. आत्या या दोघांची धाकटी बहीण. तिले मारेगावले दिलती. मी सात वर्षांची होती तेव्हा ती एक सुटकेस घेऊन आली आणि परत गेलीच नाही. नवरा तिकडंच आहे, दुसरी बाई घरात आणून बसला. कागदावर काही तुटलं नाही, कोणी तोडायले गेलं नाही, आणि आमच्या घरी त्याच्यावर कोणी बोलत नाही. आईबाबा वावरात जायचे, तर दादाचे आणि माह्ये डबे, वेण्या, ताप, शाळेतल्या सह्या, सगळं आत्यानंच पाह्यलं. सह्या तर ती बाबाच्या करायची, एकदम हुबेहूब.

आता भाषा. कंपनीत एकदा काय झालं, एका फॉर्मचं पान वाकडंतिकडं दिसू लागलं. आम्ही चार जणं अर्धा दिवस शोधून राह्यलो. शेवटी सापडलं काय, तर एक टॅग उघडला होता आणि बंदच केला नव्हता. टॅग म्हणजे टोकदार कंसात लिहिलेलं नाव. एक उघडनारा, एक बंद करनारा, आणि मधात जे असते ते त्याचं. डब्यात डबा, त्याच्यात डबा, अशी रचना. वेबसाइटचं सगळं पान असंच असते. पण प्रोग्राममधे आपण हे सगळं अवतरण चिन्हात घालून देतो, आणि कम्प्युटरले वाटते हे नुसते अक्षरं आहेत. डबा उघडा राह्यला का झाकण उलटं लागलं, त्याले काही देनंघेनं नाही. तो म्हणते, बावा, मले तर अक्षरं दिले, मी अक्षरं ठेवले.

मले इतका राग आला! पाच हा आकडा कम्प्युटरले समजते. पाचात तीन मिळवा म्हणलं तर समजते. मंग पानाची रचना त्याले सरळ काहून समजू नये? टॅग अवतरणात लपवायचेच नाहीत, आकड्यासारखे सरळ प्रोग्राममधेच लिहायचे, आणि भाषेनंच ते वाचायचे, अशी भाषा पाह्यजे. अशा भाषा जगात आहेत, मी काही नवीन शोध लावला नाही. पण मले माही पाह्यजे होती, मराठी टॅगवाली.

मंग लागली. नोकरी संपली का हेच. पह्यला महिना तर एका चिन्हानं खाल्ला. टॅग ज्या टोकदार कंसानं सुरू होते, तेच चिन्ह 'पेक्षा लहान' म्हणून बी वापरतेत. भाषेनं ओळखायचं कसं? मी कागदावर कागद काळे केले. शेवटी सुचलं का त्या चिन्हाच्या आधी काय आलं ते पाहायचं. आधी एखादी किंमत, म्हणजे आकडा नाहीतर नाव, पुरी झाली असन तर ते 'लहान'. आणि भाषा अजून किमतीचीच वाट पाहून राह्यली असन तर तो टॅग. इतकं सोपं! मी खुर्चीवर उभी राह्यली होती ज्या दिवशी ते चाललं.

हे सगळं मी सांगायची कोणाले, तर आत्याले. दादाले वेळ नसे, आईले झोप येई. आत्या तांदूळ निवडत बसली असायची आणि मी तिच्यापुढं लॅपटॉप घेऊन बडबड करायची. तिचं शिक्षण नववीपर्यंत, पण ती ऐकते. मधातच असं काही विचारते का आपण गप्प.

एकदा मी तिले दाखवलं का डब्यांची रचना एकदा आत गेली का मंग ती नुसती दिसत नाही, तिच्यातून पाह्यजे ते काढता येते. घर, मंग एक ठिपका, मंग मामा असं लिहिलं का त्या घरातले सगळे मामा बाहेर.

"म्हणजे हाक मारली का येतेत," आत्या म्हणे.

"हाओ! एकदम तसंच!"

"आणि एखादा चुकीच्या घरात बसून असन तर? तेही सांगन का तुयं ते?"

ते माह्या भाषेत नव्हतंच. टॅग बंद झाला का नाही एवढंच ती पाहत होती. कोणता टॅग कोणाच्या आत बसू शकते, कोणाच्या आत नाही, याचे नियम भाषेले देता आले पाह्यजेत, आणि नियम मोडला तर प्रोग्राम सुरूच झाला नाही पाह्यजे. मी पळतच गेली लिहायले. आत्या मागून ओरडली, "चहा तर पिऊन जा वं!"

नियमांसाठी उदाहरण पाह्यजे होतं, आणि ते आमच्या घरी पोतंभर होतं. खरंच पोतं. लग्नपत्रिकांवर गणपतीचं चित्र असते, म्हणून त्या कचऱ्यात टाकत नाहीत, पायाखाली येऊ देत नाहीत. आई सगळ्या पत्रिका खताच्या रिकाम्या पोत्यात भरून सज्ज्यावर ठेवते, नदीत सोडू म्हणते आणि सोडत कधीच नाही. मी ते पोतं खाली काढलं. आमच्या भावकीतल्या, मामाकडच्या, अख्ख्या दारव्हा तालुक्यातल्या पत्रिका. तीन रविवार मी त्या फरशीवर मांडून बसली. आणि काय मस्त रचना असते हो पत्रिकेची! वर देव, मंग वर आणि वधू, मंग निमंत्रक, मंग काका-काकू, मामा-मामी, आत्या-मामाजी, मंग खाली लहान पोरं, 'आमच्या काकाच्या लग्नाले यायचं बरं का'. एकाच्या आत एक. एकाही पत्रिकेत गडबड नाही. प्रत्येक बाईचं नाव जोडीत, पह्यले त्याचं, मंग तिचं, एकही सुटी नाही.

तर मी नियम लिहिला. 'आत्या' हा टॅग 'जोडी' या टॅगच्या आतच पाह्यजे, आणि जोडीत दोन नावं पाह्यजेत. नियम मोडला तर काय दिसन, ते वाक्य बी मीच लिहिलं, आपल्या बोलीत, मजा म्हणून: "या नावाले इथं जागा नाही." लाल अक्षरात. मले ते वाचून इतकं हसू यायचं! मुद्दाम चुका करून करून मी ते वाक्य पाह्यत बसायची.

मी पोरगी आहे, आणि हा नियम मी लिहिला. हे आता लिहिताना दिसून राह्यलं. तेव्हा दिसलं नाही.

मंग दादाचं लग्न जमलं. मी जाहीर केलं का पत्रिका माह्या भाषेत होईन. एकदा सगळं रचून टाकलं का त्याच्यातूनच छापायचा कागद निघन, त्याच्यातूनच व्हॉट्सॲपवर पाठवायची पत्रिका, त्याच्यातूनच कोणत्या गावात कोणाले द्यायची त्याची यादी. बाबा लय खूश. त्यायनं चार लोकायले सांगतलं का पोरीनं पत्रिकेची भाषा काढली. कोणाले काही समजलं नसन, पण सांगतलं.

त्याच दिवसांत, आत्या मेथी निसत होती, मान खाली. म्हणे, "माह्यं नाव कोठी येईन वं त्याच्यात?"

मी म्हणलं, "आत्या, पह्यल्या पानावर!"

"पह्यल्या पानावर देव असते."

"मंग देवाच्या खाली."

ती हसली. "येऊ दे कोठी बी. छापलेलं पाह्यलं असतं एक डाव."

तिनं मले आयुष्यात कधी काही मागतलं नाही. हे पह्यलं. मी म्हणलं, आत्या, शब्द आहे माह्या. दादा बी म्हणे, आत्याचं नाव पाह्यजेच, तिनंच तर वाढवलं आपल्याले.

नावं भरायचा दिवस रविवार, दुपारी जेवणं झाल्यावर. मी लॅपटॉप टीव्हीले जोडला, सगळ्यायले मोठं दिसावं म्हणून. काय हौस माही! बाबा, मोठे बाबा, आई, दादा, सगळे टीव्हीसमोर. बाबा नावं सांगून राह्यले, मी टाइप करून राह्यली, आणि प्रत्येक जोडी बसली का कोपऱ्यात हिरवी खूण.

मोठे बाबा म्हणे, "काय वं इंजिनेर बाई, याले पोळ्या लाटता येते का?"

"नाही मोठे बाबा, पण नावं जागेवर बसवता येते."

"तेवढं तर आमाले बी येते. लोकं जेवायले बसवतोच ना आम्ही."

सगळे हसले. मामा झाले, मामी झाल्या. मी म्हणलं, आता आत्या. आणि टाइप केलं. आत्याचा टॅग, त्याच्यात तिचं नाव. एकटं.

टीव्हीवर लाल.

आत्या नेमकी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. तिले मोठ्यानं वाचायची सवय आहे, दुकानाच्या पाट्या बी ती मोठ्यानं वाचते. तिनं वाचलं, एक एक शब्द, "या नावाले... इथं... जागा नाही."



मंग तीच हसली. "हुशार आहे वं तुयं कम्प्युटर. याले बी मालूम." आणि तांब्या टेबलवर ठेवून तिथंच भिंतीले टेकून उभी राह्यली.

मी म्हणलं, "आत्या, ते तसं नाही, तो एक नियम आहे, तो मीच लिहिला, चुकून, थांब दोन मिनिटं."

मोठे बाबा म्हणे, "आता मशीनच नाही म्हणते तर काय करतं पोरी. राहू दे."

"मशीन म्हणजे मीच आहे मोठे बाबा! मीच लिहिलं ते!"

"मंग तूच म्हणून राह्यली ना का जागा नाही."

मी सरळ नियमाची फाईल उघडली, सगळ्यांच्या समोर, टीव्हीवर, आणि लिहिलं का आत्या जोडीत बी चालते आणि एकटी बी चालते. एक ओळ. पुन्हा चालवलं. हिरवी खूण. मी ओरडली, "झालं! पाहा, झालं!" दादानं टाळी वाजवली. आत्यानं टीव्हीकडं पाह्यलं, मंग माह्याकडं, आणि चहा ठेवायले आत गेली.

ती गेल्यावर मोठे बाबा हळू आवाजात म्हणे, "नावाच्या आधी काय लावशीन? सौभाग्यवती का श्रीमती?"

"काहीच नाही. नुसतं नाव."

"बाईमाणसाचं नुसतं नाव छापतेत का पत्रिकेत? आणि मारेगावले बी पत्रिका जाईन. तिच्या सासरची सगळी भावकी आपल्या नात्यातली. ते वाचतीन तर काय म्हणतीन?"

दादा म्हणे, "म्हणू द्या."

"तू घोड्यावर बसशीन, तुले काय. लोकायले तोंड आमाले द्यायचं आहे."

बाबा जमिनीकडं पाहून राह्यले होते. मंग म्हणे, "राहू दे नाव." एवढंच. मले वाटलं जिंकलं. मी आत जाऊन आत्याच्या गळ्यात पडली. ती म्हणे, "अव, चहा उतू जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासून राह्यली होती. बाबा मोटरसायकल पुसत होते. पुसलेलीच पुसत होते. म्हणे, "पोरी, ते काल लाल झालतं ना, तसं परत करता येते का?"

मी म्हणलं, "काहून?"

"नाही, म्हणजे, येते का करता?"

"येते. पण काहून, बाबा?"

ते फडकं पिळत राह्यले. "मी तिले काय सांगू मंग? मी सांगतलं का नको, तर तो माह्या शब्द होते. कम्प्युटरनं घेतलं नाही म्हणलं तर तिले काही वाटनार नाही. मशीनचा कोणाले राग येत नाही."

माह्या तोंडात पेस्ट. मी थुंकली आणि म्हणलं, "मी नाही करनार."

"बरं," म्हणे. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बरं म्हणले आणि गाडीचा आरसा पुसू लागले.

मी खरंच नाही केलं. नियम तसाच ठेवला, नाव तसंच ठेवलं. मले वाटलं माह्या हातात आहे सगळं. रचना माह्या भाषेत, भाषा माह्या लॅपटॉपमधे, कोण काय करनार? पण दारव्ह्याचा छापखाना मी हिशेबात धरलाच नव्हता. मी तिथं पेनड्राईव्ह घेऊन गेलती. छापखानावाले काका चांगले आहेत, पण त्यायचे अक्षरं जुन्या काळातले, नव्या पद्धतीनं टाइप केलेलं मराठी त्यायच्या सॉफ्टवेअरले वाचता येत नाही. त्यायनं फाईल उघडून दाखवली. सगळे चौकोनी डब्बे डब्बे.

"बाई, हे असंच येते," म्हणे. "तुमी आपलं कागदावर आणा. मी पाहून पाहून टाइप करतो. तीस वर्ष तेच करून राह्यलो."

म्हणजे पाहा. दीड वर्ष मी ही भाषा बनवली. टॅग वाचायले शिकवलं, घरात घर बसवायले शिकवलं, एक नाव इकडचं तिकडं होनार नाही अशी सोय केली. आणि शेवटी काय केलं, तर कागदावर छापून बाबाच्या हातात दिलं. कागदावर कायचे टॅग आणि कायचे नियम. कागदावर पेन चालते.

बाबा कागद घेऊन गेले. छापायच्या आधीचा नमुना तपासायले बी बाबाच गेले, मले म्हणे ऊन आहे, तू कायले येतं. मी म्हणलं बरं. खरं सांगते, मले थोडं मनात आलतं. पण मी गेली नाही. बाबावर पाळत ठेवायची का मी?

परवा पत्रिका आल्या. गठ्ठा सोडला, वरची उचलली. देव, वर, वधू, निमंत्रक, काका-काकू, मामा-मामी. मी तीन वेळा वाचली. मंग खालून वर वाचली, आत्या कोठीच नाही. मंग मी सज्ज्यावर चढली आणि पोतं परत खाली काढलं, आणि आमच्या घरच्या पत्रिका वेगळ्या केल्या, आत्या परत आल्यानंतरच्या. चुलतभावाची, चुलतबहिणीची, मोठ्या बाबांच्या घरच्या वास्तूची बी एक होती. एकीतही तिचं नाव नाही. तिथं बसून मले समजलं का माह्या नियम इतका साफ काहून निघाला. मी पोत्यातून नियम काढला, आणि पोत्यात ती नव्हतीच. तिच्यासारखी कोणीच नव्हती. गावात आहेत, मी मोजू शकते, आमच्याच गल्लीत दोघी आहेत. पत्रिकांत नाहीत.

मी खाली आली तर आत्या ओसरीवर बसून पत्रिकांले हळदकुंकू लावून राह्यली होती. चारी कोपऱ्यांले एक एक बोट. हळदीची वाटी, कुंकवाची वाटी, डाव्या बाजूले कोऱ्या, उजव्या बाजूले लावलेल्या. हे काम घरातल्या बाईचं, आणि आई सैपाकात, तर तिच्याकडं आलं. कोणी विचार केला नसन.

मी तिच्याजवळ बसली. म्हणलं, "आत्या, प्रोग्राम मी नीट केलता. तो घेत होता तुयं नाव."

"मालूम आहे. मी होती ना तिथं. हिरवं झालतं."

"मंग?"

"मंग काय? तुया बाबानं काल सांगतलं, पोरीच्या कम्प्युटरनं नाव घेतलं नाही, लय प्रयत्न केला म्हणे." तिनं कुंकवाचं बोट पदराले पुसलं. "मी म्हणलं बरं."

"तू काहून नाही बोलली? तुले तर माह्यित होतं खोटं आहे!"

"त्याचं तोंड पाह्यलं मी. लहानपणी चिंच चोरली का असंच तोंड व्हायचं त्याचं." आणि पुढची पत्रिका घेतली. "तू बी बस ना लावत. लय आहेत."

मी बसली लावत. काय करतं? ती हळद, मी कुंकू. प्रत्येक पत्रिका तिच्या हातातून माह्या हातात येत होती आणि मी नावांकडं पाहतच नव्हती.

मंग मले आठवलं का व्हॉट्सॲपची पत्रिका तर माह्याच भाषेतून निघनार! ती तर कोणाच्या पेनाखालून गेलीच नाही. तिच्यात नाव आहे! मी उडलीच. हात पुसले, मोबाईल आणला, आत्याले दाखवलं. मामा-मामीच्या खाली एका ओळीत, एकटं, नुसतं तिचं नाव. ती पाहत राह्यली. मोबाईल हातात घेतला, डोळ्याजवळ नेला, दोन बोटांनी मोठं करायचं मी शिकवलं होतं, तसं मोठं केलं. त्याच्यावर हळदीचा डाग पडला.

"छान दिसते," म्हणे.

"पाठवू? भावकीच्या ग्रुपवर? आत्ता? दोनशेच्या वर लोकं आहेत त्याच्यात, मारेगावचे बी."

"नको."

"आत्या!"

"कागदावर एक आणि मोबाईलवर एक? मंग सगळ्यायले समजन का कम्प्युटरनं घेतलं होतं." तिनं मोबाईल माह्या हातात परत दिला. "तुया बापाले खोटं पाडशीन का लग्नाच्या तोंडावर? त्यानं मले सोळा वर्ष घरात ठेवलं पोरी. कोणी म्हणलं नाही त्याले का ठेव."

"आणि तुयं नाव?"

"पाह्यलं ना मी आता. छापलेलं नाही, पण पाह्यलं."

मले इतकं रडू आलं, आणि राग, आणि राग कोणावर ते समजेना. बाबावर यावा तर आत्या येऊ देईना. मोठ्या बाबांवर यावा तर ते तेच म्हणले जे माह्या टीव्हीवर लिहिलं होतं. आणि माह्यावर यावा तर मी तर नियम बदलला होता हो! एका ओळीत बदलला होता, सगळ्यांच्या समोर!

आज सकाळी पह्यली पत्रिका देवापुढं ठेवली, मंग बाबा आणि मोठे बाबा वाटायले निघाले. जाताना बाबा मले म्हणे, "ते मोबाईलवरचं बी टाकून दे ग्रुपवर, लोकं विचारून राह्यले." म्हणजे त्यायले माह्यित नाही त्याच्यात काय आहे. का माह्यित आहे? त्यायच्या तोंडावरून मले समजलं नाही. आत्या असती तर तिले समजलं असतं. ती मागं कपडे वाळू घालून राह्यली होती.

तर आता मी अठी बसली आहे. ग्रुप उघडा आहे. पत्रिका लावून ठेवली आहे, पाठवायचं बटन तेवढं दाबायचं बाकी. नाव काढून पाठवायची तर मले माह्या हातानं ती ओळ पुसावी लागन, आणि पुसली तर माही भाषा काहीच म्हणनार नाही, हिरवीच खूण दाखवन. आत्या नसली तरी पत्रिका पुरी, असाच नियम मी लिहिला आहे. नाव ठेवून पाठवायची तर आत्यानं नको म्हणलं आहे. आणि दादा लग्नाच्या खरेदीले परवापासून बाहेरगावी आहे, फोन उचलून नाही राह्यला.

तुम्ही बनवलं का हो कधी असं काही, मन लावून, आणि मंग घरातल्या कोणी त्याच्याच मागं लपून जे स्वतः म्हणता येत नव्हतं ते म्हणून घेतलं? आणि ज्याच्यासाठी भांडायचं त्यानंच तुमचा हात धरला? झालं का तुमच्यासंग? काय केलं मंग तुम्ही? सांगा ना, कारण ग्रुपवर दोघा जणायनं आत्ताच परत विचारलं, पत्रिका कोठी आहे.